पयू नको!

परवा आमच्या जळगावच्या कॉलनीत एक शाळकरी मुलगा कुत्र्याला बघून धूम पळत सुटला, आणि मग कुत्रंही अर्थातच त्याच्यामागे. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. हातातली उशीची खोळ तशीच धरून मी ओरडले, "पयू नको! उभा राय!" पोरगा दचकून जागच्या जागी थांबला. कुत्रंही थांबलं, त्यानं मुलाच्या चपलेचा वास घेतला आणि कंटाळून निघून गेलं. आतून आमचे हे म्हणाले, "सांगलीची बाई कधीपासून अहिराणी बोलायला लागली?" ओरडले मी, पण शब्द धुळ्याच्या आबांचे होते, आणि आबा गेल्या थंडीत गेले. उरलेले कपडे मी तसेच बादलीत सोडून दिले.

आबा म्हणजे आमचे धुळ्याचे घरमालक. माझी तिकडे बदली झाली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. नवरा इकडे जळगावला पाइपच्या कारखान्यात, तो शनिवारी यायचा. देवपुरातल्या एका गल्लीत सामानाचा टेम्पो थांबला, मुलगी टुणकन उडी मारून उतरली आणि फाटकाशी ठेवलेल्या निळ्या पिंपाकडे धावली. पिंपावर झाकण होतं, झाकणावर तांब्या. दिवसभरच्या प्रवासानं पोरीचा घसा कोरडा पडला असणार. तेवढ्यात ओट्यावरून असा काही आवाज फुटला की टेम्पोवाल्याच्या हातून मिक्सरचं खोकं निसटलं.

"पिऊ नको!"

मला तरी तसंच ऐकू आलं. ओट्यावर एक उंच म्हातारा उभा होता. पांढरा सदरा, पायजमा, पायात खडू लावून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात चक्क शिट्टी. मी मनात म्हटलं, झालं! तहानलेल्या लेकराला घोटभर पाणी नाकारणाऱ्याच्या घरात आता दिवस काढायचे. मी पिशवीतून बाटली काढली आणि त्यांना दिसेल अशा बेतानं मुलीला पाजली. तर म्हातारा हसून म्हणतो, "पाज माय, पाज. पोरले तीस लागनी व्हई." यातलं मला फक्त 'तीस' कळलं, आणि तेही कशाचे तीस, ते कळेना.

आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. शेवटी अक्कांनीच, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मला गाठून विचारलं की ताई, आमचं काय चुकलं? मीही नाकावरचा राग तसाच ठेवून सांगून टाकलं. अक्का आधी बघतच राहिल्या, मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. "पिऊ नही वं माय! पयू! पयू नको!" खानदेशात 'ळ' जिभेवर टिकत नाही, त्याचा 'य' होतो. डोळ्याचा डोया, पोळीची पोयी, आणि पळू नकोचं पयू नको. त्या पिंपामागे भुरी नावाची कुत्री झोपलेली असायची आणि माझी लेक थेट तिच्या अंगावर धावत निघाली होती. आणि तीस म्हणजे तहान. मी ओशाळले, पण तेवढ्यात अक्कांनी आबांना हाक मारून सगळं सांगितलंही. पुढे कितीतरी दिवस मी ऑफिसातून आले की आबा ओट्यावरून विचारायचे, "ताई, पानी पिऊ का?"

आबा एका शाळेत ड्रिलचे मास्तर होते. निवृत्तीबरोबर शाळा सुटली, पण शिट्टी सुटली नाही. रोज संध्याकाळी उन्हं उतरली की ते गल्लीतली पोरं गोळा करायचे आणि कुत्र्याची कवायत घ्यायचे. कवायतीत कुत्रा स्वतः आबा. सत्तरी ओलांडलेला माणूस गल्लीच्या टोकापासून गुरगुरत, भुंकत, धावत यायचा आणि पोरांनी जागच्या जागी सावधानमध्ये उभं राहायचं. पाय जुळवलेले, हात अंगाला चिकटलेले, तोंडातून आवाज नाही. जो हलला तो चावला गेला. आबा इतकं हुबेहूब भुंकायचे की पलीकडच्या गल्लीतली कुत्री त्यांना उत्तर द्यायची, आणि नवीन आलेला गॅसवाला एकदा सिलिंडर सोडून पळाला. त्याच्यावरही आबा ओरडले तेच, "पयू नको!"

कुत्र्यानं पाडलंच तर काय करायचं, त्याचाही धडा होता. "पडना तं गोनी व्हई जा." म्हणजे गुडघे पोटाशी घ्यायचे, हात मानेवर आणि कानांवर, आणि कांद्याच्या गोणीसारखं निपचित पडून राहायचं. आमच्या गल्लीत त्यामुळे कुठल्याही वेळी दोनतीन गोण्या पडलेल्या असायच्या. आयांचं म्हणणं, कपडे कोण धुणार? त्यावर आबांचं उत्तर तयार असे, "कपडा धोवाई जास, माय."

एक वाक्य त्यांनी पोरांकडून पाठच करून घेतलं होतं. झोपेल कुत्रा, जेवता कुत्रा, पिलांवाली कुत्री, ह्या तिन्हीसना वाटे जावानं नही. पाळलेलं कुत्रं असेल तर आधी मालकाला विचारायचं, मग कुत्र्याला हाताचा वास घेऊ द्यायचा. दोघंही हो म्हणाले तरच हात लावायचा. हातात खाऊ घेऊन गल्लीत फिरायचं नाही. कुत्र्याला घालायची पोळी तर लहान मुलाच्या हातून कधीच पाठवायची नाही. त्यासाठी लिंबाच्या झाडाखाली एक चपटा दगड होता. पोळी तिथं ठेवायला मोठ्या माणसानंच जायचं. एका शेजारीणबाईंनी नातवाच्या हातून पोळी पाठवली, तर आबांनी तिच्या दारात जाऊन शिट्टी फुंकली. ती बाई वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. लोक म्हणायचे, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, तसे हे आबा. मला वाटायचं, ही सगळी भाड्याच्या उत्पन्नावर जगणाऱ्या रिकाम्या माणसाची हौस आहे.

त्या निळ्या पिंपावरून तर भांडणं होत. धुळ्यात नळाला रोज पाणी येत नाही. येतं तेव्हा घरातली बादली, पातेलं, बाळाचा टब, सगळं भरून ठेवायचं असतं. अशा गावात फाटकाशी पिंप भरून ठेवायचं आणि त्यातलं कुणालाच घेऊ द्यायचं नाही, म्हणजे लोक चिडणारच. ते पाणी कुत्रं चावलेल्या माणसासाठी राखलेलं. सदऱ्याच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली साबणाची वडी, तीही त्यासाठीच.

या पाण्याचा मान पहिल्यांदा मिळाला तो निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका उमेदवाराला. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हात जोडून, वर बघत चालताना त्यांचा पाय झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीवर पडला. कुत्र्यानं पोटरी धरली. कार्यकर्त्यांपैकी एकजण मिरचीची पूड आणायला पळाला, दुसरा चुना काढू लागला. आबांनी दोघांना शिट्टीनं गप्प केलं, उमेदवाराला स्टुलावर बसवलं, पायजमा वर सारला आणि तांब्यानं धार धरून साबण चोळायला सुरुवात केली. "आते पाढा म्हना," आबा म्हणाले. बे ते पंधरा, सावकाश, आणि पाढे संपेपर्यंत धार थांबणार नाही. घाईत धुऊन चालत नाही, यासाठी मास्तरांनी काढलेला हा हिशोब. उमेदवार तेराच्या पाढ्यात अडकले. तेरा सत्ते काय, हे सगळ्या गल्लीनं दारादारांतून ओरडून सांगितलं. मग आबांनीच त्यांना रिक्षात घालून सिव्हिलला नेलं आणि पहिली सुई घेईपर्यंत सोडलं नाही. ते निवडून आले की नाही आठवत नाही. पण गल्लीत पुढं पिंपाबद्दल कुणी बोललं नाही.

या माणसाच्या मनात काय आहे, ते मला कळलं आखाजीला. अक्षय तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात, आणि आखाजी म्हणजे लेकीबाळींनी माहेरी यायचं, झोके घ्यायचे, गाणी म्हणायची. आबांनी लिंबाला झोका बांधला, दोर स्वतः लोंबकळून तपासला. गल्लीतल्या मुली आळीपाळीनं बसल्या. झोक्याची फळी मात्र फारच लहान होती, माझ्या मुलीलासुद्धा जेमतेम पुरत होती. मी अक्कांना म्हटलं, एवढीशी फळी का? अक्का खापरावर मांडे भाजत होत्या. त्यांचा हात थांबला.

ती फळी त्यांच्या नातीच्या मापाची होती. मुलगा आणि सून पुण्याला. आम्ही राहायला येण्याच्या आदल्या आखाजीला नात आली होती, तीन वर्षांची. जेवणं झाली. घरात पद्धत अशी की शेवटची पोळी कुत्र्याची, आणि ती घरातल्या लहानग्याच्या हातून द्यायची, पुण्य लागतं. आबांनी मांड्याचा तुकडा नातीच्या मुठीत दिला आणि कौतुकानं म्हणाले, "जाय बेटा, कुत्राले दी ये." आता पिंप आहे तिथेच, फाटकाशी, भुरी नुकतीच व्यालेली होती. पोर पिल्लं बघायला धावत गेली. भुरीनं गालाचा लचका तोडला. मग सगळं घर गोंधळलं. अक्कांनी, त्यांच्या सासूनं केलं असतं तेच केलं. जखमेत मिरचीची पूड भरली.

"ती पोर कशी रडनी, ताई," अक्का म्हणाल्या. "आजून कानम्हा शे." सुनेनं लेकीला ओढून घेतलं, तशाच रक्ताळलेल्या साडीत सिव्हिलला नेलं. डॉक्टरांनी मिरची धुऊन काढली, जखमेभोवती इंजेक्शनं दिली, टाके घातले. पोर वाचली. दुसऱ्या दिवशी सगळी पुण्याला गेली, आणि सुनेनं निरोप ठेवला की जिथे ती कुत्री आहे तिथे माझी मुलगी येणार नाही.

यात सुनेला कसं दोष देणार? दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि तिनं तर लेकीचा गाल फाटलेला पाहिला होता. गल्लीतल्या चार जणांनी आबांना भुरीला संपवायचा सोपा उपाय सुचवला. दूर हायवेवर नेऊन सोडा, असंही कुणी म्हणालं. आबा ऐकेनात. पालिकेच्या गाडीत स्वतः बसून गेले, भुरीची नसबंदी करून आणली, गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना लस टोचून घेतली. पण भुरीला जागची हलवली नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "आबा, एका कुत्रीपायी नात तोडायची?" ते बुटाची लेस सोडून पुन्हा बांधू लागले. मग म्हणाले, "भुरीनी चूक नही, ताई. ती तिना पिलांसले जपी राहिनती. धाडनारा मी. तिले काढी टाकी, तं मी माले काय सांगू?"

म्हणून ही कवायत. नातीला बोलवायचं तर गल्लीच अशी करायची की तिथे लेकराला काही होणार नाही. कवायतीचे व्हिडिओ आबा दर रविवारी सुनेला पाठवायचे. पोरं सावधानमध्ये, पोरं गोण्या होऊन पडलेली, स्वतः आबा भुंकताना. सून उत्तर देत नसे. फक्त दोन निळ्या खुणा उमटायच्या. त्या उमटल्या की आबा मोबाइल अक्कांना दाखवायचे, "देख, देखस ती. बठ्ठं देखस." सून सगळं बघते, एवढ्यावर त्यांचा पुढचा आठवडा निघायचा. मला ते बघवत नसे. कुठल्याही उत्तराविना एवढी माया करत राहणं मला जमलं नसतं.

अशी चारेक वर्षं गेली. मग एका संध्याकाळी माझी मुलगी कोपऱ्यावरून भेळेचा पुडा घेऊन येत होती. हातात खाऊ घेऊन फिरू नये हे तिला पाठ होतं, पण भेळ ती भेळच. पलीकडच्या वस्तीतलं एक दांडगं, अनोळखी कुत्रं गुरगुरत तिच्यावर आलं. मी वरच्या खिडकीत होते. खाली पोचणं शक्य नव्हतं. आबा ओट्यावर उठून उभे राहिले होते. शिट्टी ओठांशी नेली आणि न वाजवताच खाली घेतली. वाजवली असती तर कुत्रं बिथरलं असतं. मुलगी थांबली. पाय जुळले. पुडा तिनं बोटं सोडून हळूच पडू दिला, दोन्ही हात अंगाला लावले आणि पुतळ्यासारखी उभी राहिली. कुत्र्यानं भेळ हुंगली, तिला हुंगलं, पुडा तोंडात धरला आणि ते चालतं झालं. मी जिना उतरून खाली आले तेव्हा मुलगी धडधाकट होती आणि भेळ गेल्याबद्दल रडत होती. आबा ओट्याच्या पायरीवर बसून ओंजळीत तोंड घालून रडत होते. अक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. माझ्या लेकीसाठी दुसरी भेळ आणायला आबांनी लगेच कुणाला तरी पिटाळलं, रडतरडतच.

त्या आठवड्यात मी अक्कांकडून नंबर घेऊन सुनेला फोन केला. मी काही तिची कुणी लागत नव्हते. म्हटलं, "ताई, मी बोलावणं करायला फोन केलेला नाही. माझ्या मुलीच्या बाबतीत काय झालं, तेवढं ऐका." तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि चावलं असतं तर?" मी म्हटलं, "तर मीही या गल्लीत पुन्हा पाऊल टाकलं नसतं." नंतर तिनं माझ्या मुलीचं नाव विचारलं आणि फोन ठेवला. आबांना मी यातलं काही सांगितलं नाही. उगाच आशा लावायची, आणि नाही जमलं तर?

त्यानंतरच्या आखाजीच्या दिवशी दुपारी गल्लीत पुण्याच्या नंबरची गाडी येऊन थांबली. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. मुलगा उतरला, सून उतरली. नात उतरली नाही. मागच्या सीटवर, काचेला गाल न लावता, ती दूर सरकून बसली होती. भुरी समोर लिंबाखाली पसरली होती. आता थकली होती, तिनं मानही उचलली नाही. गल्लीतली पोरं न सांगता आपापल्या दारात उभी राहिली.

आणि आबा? मला वाटलं होतं, हा माणूस गाडीकडे झेपावेल. पोरीला उचलून घेईल, रडेल, ओरडेल. आबा ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत राहिले. मुलानं हाक मारली, "आबा, अहो या ना." आबा हलले नाहीत. मला संताप आला. एवढी वर्षं वाट पाहिली आणि आता लेकराशी रुसवा? मी अक्कांना तसं म्हणालेही. अक्कांनी माझा हात घट्ट दाबला आणि कुजबुजल्या, "रुसेल नही वं. घाबरेल जीवले टक लाईसन देखानं नही. आपुन बसी ऱ्हावानं. त्याना मनम्हा ऊनं का तोच येस."

तिच्या मनात आलं की तीच येणार, म्हणून मग आम्ही सगळेच तसे थांबलो. सुनेनं गाडीचं दार उघडं ठेवलं आणि ती बाजूला झाली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आबा का हलत नाहीत, हे तिलाही आता कळलंय. किती वेळ गेला कोण जाणे. आबांच्या मानेवरून घाम ओघळत होता, पण त्यांनी तो पुसला नाही. हातसुद्धा हलवला नाही.

नात उतरली. आठेक वर्षांची, उंच, आबांसारखीच. एकदा भुरीकडे बघून, एकदा आईकडे बघून ती एकेक पाऊल टाकत ओट्याशी आली आणि आबांपासून हातभर अंतरावर थांबली. उजव्या गालावर डोळ्याखालून हनुवटीपर्यंत आलेला पांढरट व्रण होता. मला वाटतं, आबांना त्या व्रणाचीच भीती होती. तिच्या सँडल त्यांच्या बुटांसमोर आल्या तरी त्यांनी मान उचलली नाही. मग पोरगीच खाली वाकली आणि त्यांच्या तोंडाखाली आपलं तोंड नेत म्हणाली, "आबा, मी आलेय. आता माझ्याकडे बघा ना."

आबांनी मान वर केली, आणि मग कितीतरी वेळ त्यांना दुसरं काही करताच आलं नाही.